त्रेचाळीस पानांखालचं अस्वल

मुलांनो, जरा माझ्याबरोबर असं समजा, की तुमच्यासमोर लाकडी ठोकळ्यांचा एक डबा आहे. एका ठोकळ्यावर चित्र चिकटवलंय, दुसऱ्यावर दोन ओळी लिहिल्यात, तिसऱ्यावर मोठ्या अक्षरांत मथळा. तुम्ही ते एकाखाली एक मांडता आणि तुमचं पान तयार होतं. चित्र वर हवं असेल तर ठोकळा उचलायचा आणि वर ठेवायचा. नको असेल तर काढून टाकायचा. संगणकावर वेबसाइटची पानं आजकाल अशीच मांडतात, आणि त्या ठोकळ्यांना ब्लॉक म्हणतात.

आता त्याच डब्यात एक वेगळा ठोकळा आहे असं समजा. तो आहे एकच, पण पुष्कळ पानांवर एकाच वेळी दिसतो. कुठल्याही एका पानावर त्याला लाल रंग लावा, सगळ्या पानांवर तो लाल होतो. त्याला सामायिक ब्लॉक म्हणतात. हा ठोकळा नीट लक्षात ठेवा. खारूला तो कसा चालतो ते सांगितलं होतं, पण तिनं ऐकलं नव्हतं. ज्या वेळी सांगितलं, त्या वेळी ती आपल्या स्टुलाकडे बघत होती, आणि स्टुलावर मैना बसली होती.

खारू बारा वर्षांची. सुटे खिळे, स्प्रिंगा, बटणं, जे सापडेल ते खिशात भरायची, म्हणून आत्यानं तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली आणि ताई गळून पडून खारू राहिली. आत्याचं खेळणी दुरुस्त करायचं दुकान होतं. एका लांबट खोलीत एक मोठं टेबल, टेबलावर पक्कड, डिंक, सुया, भिंगाचा दिवा. भिंतीला कप्पे, आणि कप्प्यांत वाट बघत बसलेली खेळणी. कोणाचा पाय तुटलेला, कोणाची चावी हरवलेली. खिडकीपाशी संगणक आणि त्याच्यासमोर एक उंच गोल स्टूल.

आत्याचा एक नियम होता. दुकानात आलेल्या प्रत्येक खेळण्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची. ज्यानं खेळणं उघडलं त्यानं चिठ्ठीवर आपलं नाव आणि वार लिहायचा. आणि ज्यानं उघडलं त्यानंच ते बंद करायचं. "स्क्रू उरला तर कोणाला विचारायचं ते कळलं पाहिजे," आत्या म्हणायची. "रागवायला नाही गं. विचारायला."

दुकानाची वेबसाइट खारू सांभाळायची. गेली दोन वर्षं, शाळा सुटली की ती त्या उंच स्टुलावर चढायची आणि बऱ्या झालेल्या एकेका खेळण्याचं पान लिहायची. काय मोडलं होतं, आत काय सापडलं, कसं जुळवलं. सगळ्यात पहिलं पान पत्र्याच्या बोटीचं. ती बोट पाण्यात गोल गोल फिरायची, कारण तिचं सुकाणू वाकलं होतं, आणि ते खारूनंच ओळखलं होतं. अशी बेचाळीस पानं झाली होती. प्रत्येकाच्या तळाशी एक चौकट: दुकानाचा पत्ता, फोन, वेळ, आणि 'तुटलेला तुकडा फेकू नका, बरोबर आणा.' महिन्यापूर्वी दुकान जुन्या गल्लीतून इथं हलवलं, तेव्हा चौकटीतला पत्ता आत्यानं स्वतः बदलला होता.

मग मैना आली.

मैना म्हणजे खारूच्या धाकट्या काकांची मुलगी. दीड वर्षानं लहान. काका-काकू कामासाठी दोन महिने बाहेरगावी गेले आणि मैना आत्याकडे राहायला आली. अखंड बडबड करायची म्हणून मैना. पहिल्याच दिवशी तिनं दुकानाला एक फेरी मारली, आत्याला एकवीस प्रश्न विचारले आणि सरळ जाऊन स्टुलावर बसली.

"ते माझं आहे," खारू म्हणाली.

"हो का? उंच आहे छान," मैना म्हणाली आणि पाय हलवत राहिली.

तिसऱ्या दिवशी आत्यानं मैनेला वेबसाइटचं स्वतःचं खातं उघडून दिलं. खारूला तिचं खातं मिळायला सहा महिने लागले होते. पाचव्या दिवशी मैनेनं एक पान केलं, त्रेचाळिसावं, आवाज बसलेल्या बाहुलीचं. खारूनं ते दोनदा वाचलं. त्यात एक चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. सापडली नाही.

आणि सातव्या दिवशी मैनेनं अस्वल काढलं. दंडाला पट्टी बांधलेलं, एक कान जरासा दुमडलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की दुखतंय पण सांगणार नाही. आत्यानं कागद हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"हे चौकटीतच टाकू या," ती म्हणाली. "मैने, बस इथं. हा बघ, हा सामायिक ब्लॉक. इथं एकदा टाकलं की सगळ्या पानांवर येतं. खारू, तूही बघ."

खारू बघत होती, पण पडद्याकडे नाही. मैनेनं चित्र टाकलं, त्याखाली 'चित्र: मैना' असं लिहिलं, आणि एका क्षणात अस्वल त्रेचाळीस पानांखाली जाऊन बसलं. खारूच्या बेचाळीस पानांखालीसुद्धा. पत्र्याच्या बोटीखालीसुद्धा.

"बेचाळीस पानं लिहिली तेव्हा माझं नाव कुठं टाकलं होतं?" घरी गेल्यावर खारूनं आईला विचारलं.

"तू टाकायला सांगितलंस का?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

आई हसली, आणि त्या हसण्यानं खारूचा आणखी जळफळाट झाला.

तुम्हाला कधी असं झालंय का? समोरच्यानं तुमचं काहीही वाकडं केलेलं नसतं, आणि तरी त्याचं साधं शिंकणंसुद्धा डोळ्यात खुपतं. खारूचं तसं झालं. मैना पेन्सिलीला टोक करायची, ते तिला खुपायचं. मैना आत्याला "अगं आत्या" म्हणायची, ते खुपायचं. मैनेनं तिला अर्धी पोळी देऊ केली तर तिला वाटलं, आता ही मला माझ्याच आत्याच्या घरी वाढणार.

बुधवारी पावणेपाचला आत्या टपाल टाकायला गेली, आणि मैना मागच्या नळावर ब्रश धूत होती. खारू स्टुलावर चढली. तिनं पत्र्याच्या बोटीचं पान उघडलं आणि खाली गेली. अस्वल तिच्याकडे बघत होतं.

एवढ्या एका पानावरून, तिनं मनाशी म्हटलं. बाकीची बेचाळीस तिला राहू देत. हे एक माझं.

तिनं अस्वलावर बोट ठेवलं आणि ते पुसलं. 'चित्र: मैना' ही ओळ मात्र हटेना, कारण ती पत्त्याच्या ओळींना जोडलेली होती. मागच्या बाजूला नळ बंद झाला. खारूनं घाईघाईनं अख्खा मजकूर निवडला आणि काढून टाकला. चौकट रिकामी झाली. सेव्ह करताना पडद्यावर एक पिवळी पट्टी आली, तिच्यावर तीन ओळी होत्या. खारूनं त्या वाचल्या नाहीत. 'हो' म्हणणारं बटण दाबलं आणि स्टुलावरून उतरली. पत्ताही गेला खरा, पण बोटीच्या पानावर येतंय कोण, ती मनाशी म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तिला आठ दिवसांनी पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

शुक्रवारी साडेतीनला फोन वाजला. आत्यानं घेतला.

"अहो, मी लहान मुलांच्या वॉर्डातली सिस्टर बोलतेय. खेळणी आणणार होते ना मी आज. तुमच्या दाराला कुलूप आहे."

"कुलूप? मी दुकानातच आहे हो."

"मग मी कुठं आहे? शेजारच्या किल्लीवाल्यानं तुमचा नंबर दिला."

"अगं बाई. जुन्या गल्लीत गेलात तुम्ही. नवा पत्ता वेबसाइटवर आहे की."

"काही नाही त्यावर. तुमची सगळी पानं चाळली मी. पत्ता नाही, फोन नाही, काही नाही. आता चारला माझी ड्यूटी आहे, मला परत जायला हवं. सात खेळणी आहेत. मुलांना सांगून आले होते, संध्याकाळी खेळण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सोडून येते म्हणून. आता पुढच्या शुक्रवारी."

आत्यानं फोन ठेवला आणि हात पुसले. "पोरींनो, इकडे या. आपलंच खेळणं मोडलंय."

'सगळी पानं' हे दोन शब्द खारूनं फोनमधून बाहेर येताना ऐकले होते.

आत्या स्टुलावर बसली, दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आत्या वेबसाइटकडे खेळण्यासारखीच बघायची. आधी बाहेरून, मग आतून. आणि आधी सगळ्यात सोपं.

"पहिलं काय?"

"पान पुन्हा उघडून बघायचं," मैना म्हणाली. "कधी कधी अर्धवटच येतं."

"शाबास." आत्यानं पान पुन्हा उघडलं. तळ रिकामाच.

"दुसरं?"

खारूला माहीत होतं, पण ती खिशातले खिळे चाळवत राहिली. मैनाच म्हणाली, "दुसऱ्या फोनवर बघायचं. आपला संगणक जुनं पान साठवून ठेवतो आणि तेच दाखवतो."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"खारूताईनं लिहून ठेवलंय ना, त्या वहीत. मी सगळी वाचली."

खारूनं मान खाली घातली. आपली वही कोणी वाचली याचा तिला राग यायला हवा होता. थोडासा आलाही.

आत्याच्या फोनवर तळ रिकामा. मग आत्यानं वेबसाइटला जोडलेल्या जास्तीच्या सोयी तपासल्या. त्या पाच होत्या; कधी कधी त्यांतली एखादी दुसरीच्या पायात पाय घालते. आत्या एक बंद करायची, पान बघायची, पुन्हा चालू करायची, मग दुसरी. "पाचही एकदम बंद केल्या तर दोषी कोण ते कळत नाही," ती म्हणाली. पाचही निर्दोष निघाल्या.

"आता आतून." आत्यानं बोटीचं पान एडिटरमध्ये, म्हणजे पानं जिथं मांडतात तिथं, उघडलं आणि बाजूला सगळ्या ब्लॉकची यादी काढली. मथळा, चित्र, मजकूर, मजकूर, आणि सगळ्यात शेवटी चौकट. "चौकट जागेवर आहे. आत काही नाही. डबा आहे, पण रिकामा." मग तिनं पानाच्या बदलांचा इतिहास उघडला. एडिटर प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवतो आणि ती कोणी, कधी केली तेही लिहितो.

पण इतिहासात शेवटचा बदल दीड वर्षापूर्वीचा होता.

"म्हणजे पानाला कोणी हात लावलेला नाही," आत्या म्हणाली. "चौकटीलाच काहीतरी झालं. चौकटीला शेवटचा हात कोणाचा?"

दुकानात भिंतीवरच्या खेळण्यातल्या घड्याळांचा आवाज येत होता. दुरुस्तीला आलेली सहा घड्याळं आणि सहांची वेळ वेगवेगळी.

"माझा," मैना म्हणाली. "मी अस्वल टाकलं."

"त्यानंतर कोणी?"

मैनेनं खारूकडे बघितलं. खारू खिडकीकडे बघत होती.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," मैना म्हणाली. तिचा आवाज आज पहिल्यांदा बारीक झाला होता. "चित्र फार मोठं होतं का?"

"असेल. बघू." आत्या रागावली नाही. तिनं मैनेच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलली ती स्पष्ट. "मी मजकूर पुन्हा लिहिते. अस्वल राहू दे बाहेर. त्यानंच काही अडलं असेल तर पुन्हा पत्ता जायला नको. आणि मैने, काही दिवस तू चित्रं काढ, पानांना हात नको. पानं खारू बघेल, तिला सवय आहे."

"बरं," मैना म्हणाली. ती मागच्या बाजूला गेली. नळ सुरू झाला, पण ब्रश धुतल्याचा आवाज येईना.

चौकटीचा मजकूर कुठंतरी लिहून ठेवलाय म्हणून आत्या कपाटातली फाईल शोधायला उठली. स्टूल मोकळं झालं.

खारू त्याच्यावर चढून बसली. तिला हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं होतं. अस्वल एका पानावरून जाणार होतं, ते त्रेचाळीस पानांवरून गेलं. स्टूल परत मिळालं. आत्या म्हणाली होती, पानं खारू बघेल. फक्त गप्प बसायचं. त्यात काही अवघड नव्हतं. गेला पाऊण तास ती तेच तर करत होती.

पण एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि आत्याला नव्हती. सामायिक ब्लॉकचा इतिहास पानाबरोबर राहत नाही. तो मूळ चौकट उघडली तरच दिसतो. मागच्या वर्षी खारूनं हे एडिटरच्या मदतीच्या पानावरून वहीत उतरवलं होतं, सामायिक म्हणजे काय ते तेव्हा न समजताच, सत्ताविसाव्या पानावर, अगदी खाली, मावलं नाही म्हणून तिरकं. मैनेनं वही वाचली होती. सगळी वाचली, म्हणाली.

मग मैना बोलली का नाही?

कदाचित तिरक्या ओळी तिनं सोडून दिल्या असतील. कदाचित तिला ते समजलं नसेल. किंवा समजलं असेल आणि त्या इतिहासात कोणाचं नाव असणार हेही समजलं असेल. आत्यानं विचारलं तेव्हा मैनेनं खारूकडे बघितलं होतं. खारूला ते बघणं आता आठवलं, आणि कोणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखे तिचे कान तापले.

तिनं मूळ चौकट उघडली. बाजूला इतिहास होता, आखूडसा. दहा दिवसांपूर्वी: मैना. बुधवार, चार वाजून एकोणपन्नास मिनिटं: खारू. दुकानातल्या चिठ्ठ्यांसारखंच होतं ते. दोरा तेवढा नव्हता.

दोन वाटा होत्या: आत्याला हाक मारून हे दाखवायचं, किंवा गुपचूप दुरुस्त करायचं. मैनेच्या प्रतीवर बोट ठेवून 'ही प्रत परत आणा' म्हटलं असतं, तर कोणाला न कळता सगळं पूर्ववत झालं असतं, आणि आत्या म्हणाली असती, खारू, तू तर जादूच केलीस. खारूला ते वाक्य आत्याच्या आवाजात ऐकूही आलं. त्या वाक्याचा तिला अजूनही मोह होता. मैनेवर ती अजूनही जळत होती, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ते अस्वल खरंच फार छान होतं, आणि खारूला आयुष्यात तसा कान काढता आला नसता.

"सापडली बाई फाईल," आत्या कपाटातून म्हणाली.

"नको लिहूस पुन्हा," खारू म्हणाली. "आत्या, इकडे ये. मैने, तूही ये. नळ बंद कर आधी, पाणी वाया चाललंय."

मैना आली. नाक लाल झालेलं. खारूनं पडद्याकडे बोट केलं. आत्यानं नाव वाचलं, वार वाचला, वेळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

"एकाच पानावरून काढायचं होतं," खारू म्हणाली. "बोटीच्या. मला वाटलं, तिथलंच जाईल."

"सांगितलं होतं मी, सामायिक म्हणजे काय ते."

"मी ऐकत नव्हते."

"काय करत होतीस?"

खारूनं स्टुलाच्या कडेवर नख घासलं. "हिच्याकडे बघत होते."

आत्याला वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते तिनं झाकलं नाही. "सिस्टर सात खेळणी घेऊन परत गेल्या, खारू. सात मुलं आठवडाभर वाट बघतील."

"मला माहितेय." मग जरा थांबून, "मी आणि आई जाऊन घेऊन येऊ? सिस्टरना फोन करून? आजच?"

"विचार आईला." आत्यानं चौकटीकडे बोट केलं. "आणि हे? हे कोणी उघडलं?"

"मी."

"मग?"

"मीच बंद करायचं."

मैनेनं नाक पुसलं. "तुझ्या बोटीखालचं तेवढं काढायचं असेल, तर त्या पानापुरती चौकट सुटी करता येते ना?" तिनं हळूच विचारलं. "सत्ताविसाव्या पानावर लिहिलंयस तू. तिरकं."

म्हणजे सगळं वाचलं होतं. खारूनं तिच्याकडे बघितलं.

मग ती स्टुलावर एका कडेला सरकली. स्टूल गोल आणि लहान होतं, अर्ध्या जागेत कोणी नीट बसू शकत नव्हतं. मैना एका पायावर जोर देऊन कशीबशी टेकली. खारूनं दहा दिवसांपूर्वीची प्रत निवडली. पट्टी बांधलेलं अस्वल, खाली नाव, नवा पत्ता, फोन, वेळ, तुटलेला तुकडा बरोबर आणा. बोटीच्या पानावरची चौकट तिनं सुटी केली नाही. सेव्ह म्हटलं, आणि ती पिवळी पट्टी पुन्हा आली.

या वेळी खारूनं हात मागे घेतला, आणि तिन्ही ओळी, एक शब्द न गाळता, मोठ्यानं वाचल्या: "हा ब्लॉक त्रेचाळीस पानांवर वापरलेला आहे. तुम्ही केलेला बदल या सर्व पानांवर दिसेल. पुढे जायचं का?"

"जायचं का?" तिनं मैनेला विचारलं.

मैनेनं मान डोलावली, आणि खारूनं बटण दाबलं.